आयईएलटीएससाठी इंग्रजी शब्द वाढवताय? मग या चुका टाळा

तालुक्याच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या बहुतेक मुलामुलींची इंग्रजी शब्दांची वही बँक, एसएससी किंवा एमपीएससीच्या गाइडवरून तयार झालेली असते. समानार्थी, विरुद्धार्थी, अनेक शब्दांबद्दल एक शब्द. पुढे नर्सिंग झालेली मुलगी इंग्लंडला जायचं ठरवते, कुणाला कृषी पदवीनंतर बाहेर एमएससी करायची असते, आणि परदेशी शिक्षण-नोकरीसाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीलाही तीच वही उघडली जाते. इथेच पहिली चूक होते. स्पर्धा परीक्षेत चार पर्यायांतून शब्द ओळखायचा असतो. आयईएलटीएसच्या लेखनात आणि बोलण्यात पर्याय कुणी देत नाही. शब्द तुमच्याच डोक्यातून निघावा लागतो, तोही बरोबर रूपात आणि बरोबर जागी.

गुण कशाला मिळतात हे आधी पाहू. लेखन आणि बोलणं या दोन्ही भागांत चार-चार निकष असतात आणि चौघांचं वजन सारखं असतं. शब्दसंपत्ती, म्हणजे 'लेक्सिकल रिसोर्स', हा त्यातला एक. म्हणजे पाव हिस्सा. या परीक्षेत गुणांच्या पायरीला 'बँड' म्हणतात. सहा बँडवाला विद्यार्थी कमी वापरातले शब्द घालायचा प्रयत्न करतो, पण त्यात चुकतो. सात बँडवाला असे शब्द शैलीचं आणि शब्दांच्या जोड्यांचं भान ठेवून वापरतो. परीक्षकांच्या निकषांमधला हा फरक नीट वाचला तर अर्धी तयारी योग्य दिशेने वळते. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ बँड लागतात. बाकीच्या भागांत निघून गेलेले आपल्याकडचे विद्यार्थी लेखनात अर्ध्या बँडाने अडकलेले मी पाहतो, आणि त्यांच्या उत्तरात जड शब्दांची कमतरता कधीच नसते.

जड शब्द म्हणजे प्रगत इंग्रजी नव्हे

एक वाक्य बघा: 'अ प्लेथोरा ऑफ फार्मर्स आर फेसिंग युबिक्विटस प्रॉब्लेम्स.' दोन भारी शब्द आहेत, पण वाक्यातून काहीच कळत नाही. आता हे बघा: 'मेनी कॉटन ग्रोअर्स आर स्ट्रगलिंग टु रिपे देअर लोन्स.' यात एकही शब्द डिक्शनरीत शोधावा लागत नाही, तरी वाक्य वरच्या दर्जाचं आहे. 'फार्मर्स' ऐवजी 'कॉटन ग्रोअर्स' आलं, 'प्रॉब्लेम्स' ऐवजी नेमकी अडचण आली, आणि कर्जाबरोबर शोभणारं क्रियापद आलं. परीक्षक नेमकेपणा शोधत असतो. 'थिंग', 'प्रॉब्लेम', 'गुड', 'बॅड' हे शब्द लिहिताना हात थांबवा आणि स्वतःला विचारा: कोणती वस्तू? कसली अडचण? चांगलं म्हणजे स्वस्त, टिकाऊ की आरोग्याला हितकारक? उत्तर मराठीत सापडलं की इंग्रजी शब्द शोधणं सोपं जातं.

सुटा शब्द पाठ करू नका, जोडी पाठ करा

या चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण मराठी माध्यमातून शिकलेल्यांचे सर्वाधिक गुण इथेच जातात. मनात मराठी वाक्य तयार असतं आणि त्यातला एकेक शब्द इंग्रजीत बदलला जातो. पाऊस जोराचा आला म्हणून 'स्ट्राँग रेन' लिहिलं जातं. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग' असतो. कडक चहा मात्र 'स्ट्राँग'च. पीक गेलं याचं 'क्रॉप वेंट' होत नाही, 'द क्रॉप फेल्ड' होतं. शेतकऱ्याचं मोठं नुकसान झालं तर 'सफर्ड हेवी लॉसेस'. दुष्काळ 'सिव्हिअर', टंचाई 'अक्यूट', आजार 'क्रॉनिक'. परीक्षा आपण मराठीत देतो म्हणून 'गिव्ह अ‍ॅन एक्झाम' म्हणतो, पण ब्रिटिश इंग्रजीत परीक्षा 'गिव्ह' करतो तो मास्तर. विद्यार्थी ती 'टेक' करतो किंवा 'सिट' करतो. आणि कॉलेजातून 'पास्ड आउट' झालो म्हणाल तर समोरच्याला तुम्ही चक्कर येऊन पडलात असं वाटेल. तिथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

पोळ्याला सजवलेली बैलजोडी जशी एकमेकांना सरावलेली असते, तसे हे शब्द एकमेकांना सरावलेले असतात. एक काढून दुसरा जुंपला की इंग्रजी कानाला लगेच खटकतं.

उपाय साधा आहे. वहीत 'मिटिगेट म्हणजे कमी करणे' असं लिहू नका. कारण 'अलीव्हिएट' म्हणजेही कमी करणे आणि 'रिड्यूस' म्हणजेही कमी करणे, आणि त्या वहीतून तिघांमधला फरक कधीच कळणार नाही. त्याऐवजी 'मिटिगेट द इफेक्ट्स ऑफ ड्रॉट', 'अलीव्हिएट पॉव्हर्टी', 'रिड्यूस द कॉस्ट ऑफ कल्टिव्हेशन' असे पूर्ण तुकडे लिहा. मिटिगेट परिणामांची झळ कमी करतं, अलीव्हिएट दुःख किंवा त्रास हलका करतं, रिड्यूस मोजता येणारा आकडा खाली आणतं. जोड्या शोधायला ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी इंटरनेटवर फुकट आहे. तिच्यात उदाहरणांची वाक्यंही मिळतात आणि उच्चारही ऐकता येतो.

शब्दाला चिकटून येणारं शब्दयोगी अव्ययही जोडीचाच भाग समजा. 'डिस्कस अबाउट' चूक, नुसतं 'डिस्कस' बरोबर. 'एम्फसाइझ ऑन' चूक, पण 'एम्फसिस ऑन' बरोबर. 'रेझल्ट इन' नंतर परिणाम येतो, 'रेझल्ट फ्रॉम' नंतर कारण.

विषय परका घेतलात तर शब्दही परकाच राहतो

बाजारातल्या नमुना उत्तरांत मेट्रो असते, मॉल असतो, स्कीइंगची सहल असते. राळेगाव किंवा धारणीच्या पोराला हे शब्द पाठ होतात, पण तोंडात बसत नाहीत, कारण त्यामागे बघितलेलं काही नसतं. परीक्षक मात्र तुम्ही कुठे राहता, काय पाहिलं, काय वाटतं हेच विचारतो. आणि आयईएलटीएसचे नेहमीचे विषय कोणते? पर्यावरण, शेती आणि अन्न, स्थलांतर, शिक्षण, आरोग्य, तंत्रज्ञान. यातले निम्मे तर आपल्या अंगणातले आहेत.

कापूसच घ्या. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात तिने विदर्भात पऱ्हाटीचं मोठं नुकसान केलं. गावातला कुणीही माणूस ही गोष्ट पंधरा मिनिटं सांगू शकतो. आता ती इंग्रजीत सांगून बघा: 'जेनेटिकली मॉडिफाइड सीड', 'पेस्ट इन्फेस्टेशन', 'डेव्हलप रेझिस्टन्स टु', 'एक्सेसिव्ह यूज ऑफ पेस्टिसाइड्स', 'यील्ड पर एकर', 'क्रॉप इन्शुरन्स', 'अ फॉल इन मार्केट प्रायसेस'. हे सगळे तुकडे शेतीच्या निबंधात जसेच्या तसे चालतात. 'डेव्हलप रेझिस्टन्स टु' तर उद्या अँटिबायोटिक्सवर लिहितानाही कामी येतो.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलांकडे वाघाचा विषय आहे. 'ह्यूमन-वाइल्डलाइफ कॉन्फ्लिक्ट', 'लॉस ऑफ हॅबिटॅट', 'फॉरेस्ट कॉरिडॉर', 'कॉम्पेन्सेशन फॉर लॉस ऑफ लाइव्हस्टॉक' हे त्यांच्या रोजच्या बातमीतले शब्द आहेत. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव, म्हणजे सिंचनाचे जुने तलाव, आहेत: 'कॅचमेंट एरिया', 'सिल्ट', 'कम्युनिटी-मॅनेज्ड इरिगेशन'. बुलडाण्याकडे लोणार आहे. पाण्याजवळच्या जागेचं वर्णन करा असं कार्ड बोलण्याच्या परीक्षेत आलं, तर न पाहिलेला गोव्याचा समुद्र कशाला सांगायचा? लोणार म्हणजे बसॉल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेलं विवर, खारं आणि क्षारीय पाणी, २०२० मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेली जागा. त्याच वर्षी जूनमध्ये सूक्ष्मजीवांमुळे तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं. 'इम्पॅक्ट क्रेटर', 'सलाइन', 'अल्कलाइन', 'मायक्रोब्ज' हे शब्द इथे ओढून आणावे लागत नाहीत. कार्डावर विचार करायला एक मिनिट मिळतो आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं. ओळखीच्या जागेवर बोलताना तो एक मिनिट शब्द निवडायला वापरता येतो, प्रसंग रचण्यात जात नाही.

माझा सल्ला असा की आठवड्याला एकच विषय घ्या. घरी, एसटीत, चावडीवर त्यावर जे मराठीत बोललं जातं ते ऐका, आणि रात्री त्यातली पाच-सहा वाक्यं इंग्रजीत मांडा. जिथे अडाल तिथलाच शब्द शोधा. गरज पडून शोधलेला शब्द टिकतो.

ऐकताना शब्द ओळखू येत नाही, तेव्हा

वाचताना कळणारा शब्द रेकॉर्डिंगमध्ये निसटत असेल, तर बहुधा तुम्ही तो चुकीच्या उच्चारासह पाठ केला आहे. वहीत उच्चार देवनागरीत लिहिण्याची सवय त्याला कारणीभूत असते. मराठीत जसं लिहितो तसं वाचतो, इंग्रजीत तसं होत नाही. कर्जासाठीचा शब्द आपण 'डेब्ट' वाचतो, पण त्यातला 'बी' मुका आहे आणि उच्चार नुसता 'डेट' असा आखूड होतो. ते ऐकून मुलं तारीख समजतात. पावतीच्या 'रिसीट'मधला 'पी' मुका आहे. 'डिटर्मिन'ला आपल्याकडे सर्रास 'डिटरमाइन' म्हणतात. शिवाय आघात असतो: 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफी'मध्ये दुसऱ्यावर, आणि जोर सरकला की बाकीचे स्वरही बदलतात. देवनागरीत हा जोर दाखवता येत नाही. या लेखात वाचायला सोपं जावं म्हणून इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. तुमच्या वहीत ते इंग्रजी लिपीतच लिहा, आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढा आणि उच्चार डिक्शनरीत ऐकूनच पाठ करा. बीबीसीचे सहा मिनिटांचे इंग्रजीचे कार्यक्रम आधी डाउनलोड करून ठेवले, तर रेंज नसतानाही शेतात जाता-येता ऐकता येतात.

स्पेलिंगही इथेच सांभाळा. ऐकण्याच्या परीक्षेत उत्तर बरोबर ऐकलं पण स्पेलिंग चुकलं तर गुण जातो. 'अकॉमोडेशन'मध्ये दोन सी आणि दोन एम, 'एन्व्हायर्न्मेंट'मध्ये एमच्या आधी एन. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात.

कळतो, पण वेळेवर आठवत नाही

हे दुखणं जवळजवळ सगळ्यांचं असतं. कारण वही पुन्हा पुन्हा वाचली जाते, पण शब्द आठवून काढण्याचा सराव होत नाही. पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतं याचे प्रयोग हर्मन एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर केले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवलं तर स्मरण टिकतं, हे त्यानंतरच्या संशोधनातून वारंवार दिसलं आहे. म्हणून आज शिकलेला तुकडा उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने आठवून पाहा. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठी बघून इंग्रजी मोठ्याने म्हणा, मगच उलटा. जुन्या वहीच्या पानांची कार्डं कापली तरी पुरतात. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड हे अशा कार्डांचं अ‍ॅप फुकट मिळतं, ते इंटरनेटशिवाय चालतं आणि कोणतं कार्ड कधी दाखवायचं तेही स्वतः ठरवतं.

दिवसाला पन्नास शब्दांचं लक्ष्य ठेवू नका. आठ-दहा तुकडे पुष्कळ झाले. कोणते घ्यायचे याचं उत्तर हवं असेल तर न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये तयार केलेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट पाहा. तिच्यात ५७० शब्दकुळं आहेत आणि शैक्षणिक मजकुरातले सुमारे १० टक्के शब्द त्यांतून येतात. शब्दकुळं म्हटलं आहे ते लक्षात घ्या: 'इकॉनॉमी', 'इकॉनॉमिक', 'इकॉनॉमिस्ट' अशी सगळी रूपं एकत्र शिकायची. 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचं, अर्थव्यवस्थेशी त्याचा संबंध नाही, हे तिथेच कळतं.

काही छोट्या चुका

'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'अ‍ॅडव्हाइस', 'रिसर्च' यांना शेवटी 'एस' लावू नका.

निबंधात 'किड्स' आणि 'स्टफ' नको. बोलताना 'फर्दरमोअर' आणि 'मोरओव्हर' नको.

'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स'ने निबंध सुरू करू नका. हे वाक्य पाठ केलेलं आहे हे परीक्षकाला ओळखू येतं आणि त्याचे गुण मिळत नाहीत.

प्रश्नातला प्रत्येक शब्द बदलायचा अट्टहास करू नका. 'वॉटर' ला समानार्थी शब्द शोधत बसलात तर 'लिक्विड' लिहून वाक्याचा अर्थच घालवाल.

परीक्षा दोन आठवड्यांवर आली की नवीन शब्द घेणं थांबवा. तोवर जमलेले तुकडे घेऊन रोज एक निबंध चाळीस मिनिटांत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी फक्त जोड्या तपासायला तो पुन्हा वाचा. ज्या तुकड्यावर शंका येईल तो डिक्शनरीत पाहा. तिथे सापडला नाही तर खोडा आणि साधा शब्द लिहा.