सोळा तासांचा वर्कलोड आणि दोन बीकर

सहायक प्राध्यापकाचा वर्कलोड आठवड्याला 16 तास. वर परीक्षेची ड्यूटी, नॅकच्या (कॉलेजाच्या मूल्यांकनाच्या) फायली. पीएचडी झालेला नवा मुलगा तालुक्याच्या कॉलेजात रुजू होतो आणि महिन्याभरात म्हणतो, "सर, इथं संशोधन जमायचं नाही." मी म्हणतो, आधी विषय बदल.

पीएचडीचाच विषय रेटत बसू नका. तिथं व्हॅक्यूम सिस्टिम होती, इथं डिस्टिल्ड वॉटर संपलं तरी आठवडा जातो. काम असं निवडा की तासाची घंटा झाली की खाली ठेवता येईल आणि उद्या तिथूनच उचलता येईल. मी सिलार पद्धत धरली, म्हणजे काच आलटून पालटून दोन द्रावणांत बुडवून तिच्यावर थर चढवायचा. कोल्हापूरकडं थिन फिल्मचं, म्हणजे अशा पातळ थरांचं, काम जुनं, अडलं तर विचारायला माणसं मिळतात.

झिंक सल्फेटचं 0.1 मोलर द्रावण घ्या, ढवळत ढवळत थेंबथेंब अमोनिया घाला. आधी पांढरा साका येतो, मग तो विरघळून द्रावण नितळ होतं. तिथं थांबा. (फ्यूम हूड नसेल तर आधी प्राचार्यांकडून तो मिळवा, मगच अमोनियाची बाटली उघडा.) दुसऱ्या बीकरमध्ये 90 अंशांच्या वर तापवलेलं डिस्टिल्ड वॉटर. काच यात 20 सेकंद, त्यात 20 सेकंद, असे पन्नासेक फेरे. काचेवर झिंक ऑक्साइडचा धुरकट थर धरतो.

माझा धरत नव्हता. पापुद्र्यासारखा सुटायचा. महिनाभर मी पीएच बदलत बसलो. शेवटी आमचे लॅबमधले मामा म्हणाले, "सर, काच धुता ब्येस, पण उचलताय बोटानं." तेव्हापासून चिमटा. फसलेल्या काचाही नंबर टाकून डबीत ठेवा, द्रावण कधीचं ते लिहा.

फेरे मोजायला टी.वाय.ची (तिसऱ्या वर्षाची) मुलं घ्या, पण नुसतं राबवू नका. कॉलेजात एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासणारं यंत्र, नसतो. नमुने साठवून विद्यापीठात एकदम पाठवा आणि ग्राफ आला की तो थेट वर्गात न्या. 34.4 अंशांवरचं शिखर दाखवा, क्ष-किरणांची तरंगलांबी 1.5406 अँगस्ट्रॉम सांगा आणि ब्रॅगच्या सूत्रानं स्फटिकातल्या अणूंच्या दोन प्रतलांमधलं अंतर काढायला लावा. निम्म्या वर्गाचं उत्तर 1.36 येतं, कारण ग्राफवर थीटाची दुप्पट असते हे कुणी बघतच नाही. निम्मं करून काढलं की 2.60. आपणच बुडवलेल्या काचेचा आकडा पुस्तकातल्याशी जुळला की मागच्या बाकावरचाही पुढं येतो. त्या दिवशी पोर्शन मागं राहिला तरी चालेल.

रिसर्च पेपर छापायची घाई नको. माझा पहिला परत आला, आणि रास्तच होतं. शिखराच्या रुंदीवरून कणांचा आकार काढायच्या शेररच्या सूत्रात यंत्रामुळं येणारी शिखराची रुंदी मी वजाच केली नव्हती, त्यामुळं कण होते त्याहून लहान दिसत होते. 'पैसे भरा, आठवड्यात छापू' म्हणणारे मेल न वाचता उडवा.

मार्च-एप्रिलमध्ये प्रयोग धरूच नका, तेव्हा परीक्षाच असतात. जूनमध्ये आल्यावर पहिलं काम म्हणजे गेल्या सालच्या बाटल्या बाजूला काढणं. अमोनिया उडालेला असतो आणि तळाशी साका बसलेला.