इनटेकमध्ये जाणारं ऑइल असं थांबवलं

गाडीच्या इंजिनात हवा जाते त्या वाटेवरची, म्हणजे इनटेकवरची, थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त करणारी झडप) उघडली तर आत काळं, चिकट ऑइल. पिस्टन रिंगांमधून निसटलेला गॅस क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या भागातले) ऑइलचे बारीक थेंब घेऊन पीसीव्ही व्हॉल्व्हवाटे, म्हणजे हा गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेतून, इनटेकमध्ये जातो. दारव्ह्यात एक मिस्त्री म्हणाला, “नळीच बुजवून टाका ना भाऊ!” हे मुळीच करू नका, आत दाब वाढून ऑइल सील गळायला लागतात.

व्हॉल्व्ह काढून हलवला. खडखड नाही, म्हणजे जाम. नवा टाकला. तरी थोडं ऑइल येतच होतं, म्हणून व्हॉल्व्ह आणि इनटेकच्या मधे कॅच कॅन, म्हणजे ऑइल अडवून साठवणारा डबा, बसवला. आत जाळी असलेलाच घ्या, नुसत्या डब्यातून ऑइल सरळ पुढे निघून जातं. नळीही ऑइल सोसणारी हवी. शेतातली पाण्याची नळी इंजिनाजवळ मऊ पडते आणि व्हॅक्यूमनं चपटते, त्यात आपला यवतमाळचा उन्हाळा! डबा दर ऑइल बदलीला रिकामा करतो. इनटेक आता कोरडं आहे.