बारोलो : बाटली निवडण्यापासून पेल्यापर्यंत

बारोलो या इटालियन रेड वाइनची बाटली घाईने उघडली, तर पैसे वाया गेल्यासारखे वाटते. पेल्यातला रंग फिका, कडेला विटकरी झाक असलेला, आणि घोट मात्र इतका तुरट की कच्चा चिकू खाल्ल्यासारखी तोंडाला मिठी बसते. हा बिघाड नाही. बारोलो केवळ नेब्बिओलो या एकाच द्राक्षापासून करतात आणि तुरटपणा हा त्या द्राक्षाचा स्वभावच आहे. तो कसा निववावा, हे मात्र शिकून घ्यावे लागते.

इटलीच्या वायव्येला, पिएमोन्ते प्रांतातील आल्बा शहराच्या नैर्ऋत्येला, लांगेच्या टेकड्यांवर ११ गावांच्या हद्दीत ही वाइन होते. नेब्बिओलो फार उशिरा पिकते. साधारण ऑक्टोबरात, खालच्या दऱ्या धुक्याने भरलेल्या असताना, त्याची तोडणी होते, म्हणून ऊन जास्त मिळणारे दक्षिणेकडचे उतार त्यासाठी राखलेले असतात. इटालियनमध्ये धुक्याला ‘नेब्बिया’ म्हणतात आणि द्राक्षाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते.

निवड करताना उत्पादकाच्या नावाइतकेच गावाकडे लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ला मोर्रा आणि बारोलो या गावांकडच्या निळसर, चुनखडीयुक्त चिकणमातीतील वाइन सहसा अधिक सुगंधी असते आणि लवकर मऊ होते; सेर्रालुंगा आणि मोन्फोर्ते यांच्या वालुकाश्मी, घट्ट जमिनीतील वाइन कणखर असते आणि तिला अधिक वर्षे द्यावी लागतात. पहिलीच बाटली असेल, तर ला मोर्राची घ्यावी.

त्यानंतर तोडणीचे साल पाहावे. नियमानुसार बारोलो ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यांपैकी किमान १८ महिने ती लाकडी पिंपात असते. हा काळ तोडणीच्या वर्षातील १ नोव्हेंबरपासून मोजतात, त्यामुळे २०१९ची बारोलो २०२३च्या जानेवारीपूर्वी विकता येत नव्हती. ‘रिझेर्वा’ म्हणजे अधिक काळ मुरवलेल्या बारोलोसाठी हीच मुदत ६२ महिन्यांची आहे. तरीही तोडणीपासून आठ-दहा वर्षे झालेली बाटली मिळाल्यास तीच घ्यावी. तोवर तुरटपणा बराच निवळतो आणि गुलाब, डांबर, वाळलेली पाने यांचे वास वर येतात.

बाटली आडवी ठेवलेली असेल, तर आदल्या दिवशी ती उभी करावी, म्हणजे साका तळाशी बसतो. वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअसला द्यावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान यापेक्षा बरेच जास्त असल्याने ती आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवणे भागच आहे. कोवळी बारोलो जेवणाच्या दोन-तीन तास आधी रुंद बुडाच्या काचपात्रात ओतून ठेवावी. फार जुनी असेल, तर तिला इतका वेळ उघडे ठेवू नये, कारण नाजूक वास उडून जातात. ओतताना बाटलीच्या मानेमागे दिवा धरावा आणि काळपट साक्याची रेघ मानेपर्यंत आली की हात थांबवावा.

ही वाइन नुसती पिऊ नये. मांसातील प्रथिने आणि स्निग्धांश तुरटपणाला आवरतात, म्हणून पिएमोन्तेत ती मंद आचेवर शिजवलेल्या गोमांसाबरोबर, मुरलेल्या चीजबरोबर किंवा आल्बाच्या पांढऱ्या ट्रफल या सुगंधी कवकाची कात्रणे घातलेल्या ‘तायारिन’ शेवयांबरोबर घेतात. झणझणीत रश्शाबरोबर मात्र ती टाळावी, कारण तुरटपणा आणि मद्यार्क मिळून तिखटाचा दाह वाढवतात. उरलेल्या वाइनला घट्ट बूच लावून ती फ्रिजमध्ये ठेवावी. कोवळी बारोलो दुसऱ्या दिवशी बहुधा अधिक मऊ लागते.