कोंबड्या मान टाकू लागल्या? औषध आणण्याआधी या चुका टाळा

सकाळी खुराड्याचं दार उघडलं आणि कोंबड्या कलकलाट करत बाहेर पडल्या नाहीत, की पोटात धस्स होतं. एखादी कोपऱ्यात पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली असते, खाली हिरवट पातळ हगवण. पुढचं सगळं आपल्याकडे ठरलेलं आहे. शेजारची मावशी म्हणते, "मानमोडी आली वाटते बाप्पा, दोन गोया दे न तिले." घरात उरलेली माणसाची गोळी कुटून पाण्यात पडते, धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या आठवडी बाजारात जातात आणि आठ-दहा दिवसांत खुराडं मोकळं होतं.

गोळी देण्याआधी तीन गोष्टी बघा: किती मेल्या, कोणत्या वयाच्या मेल्या आणि किती वेळात मेल्या. विष्ठेचा रंग त्यानंतर. आपण नेमका रंगच पहिले बघतो आणि फसतो.

हिरवी हगवण म्हणजे मानमोडीच, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. मानमोडी, म्हणजे राणीखेत, लहान-मोठं बघत नाही. लस नसलेल्या कळपात ती शिरली की तीन-चार दिवसांत आळीभर पसरते. कोंबड्या चोच उघडून श्वास घेतात, पाय लुळे पडतात, मान पिळवटते. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. अँटिबायोटिकवर घातलेले पैसे पाण्यात.

पण आमच्या आळीत एका घरी वेगळंच चाललं होतं. हगवण हिरवीच, पण कोंबड्या एकेक करून मरत होत्या, दोन-तीन दिवसांआड. लस झालेली होती, मान कुणाचीच वाकडी नव्हती. रात्री दहाच्या सुमारास टॉर्च घेऊन खुराड्यात वाकलो. कोंबड्या बसतात त्या दांडीच्या टोकाला, भिंतीच्या भेगेत, चपटे राखाडी गोचीड एकावर एक दाटीनं बसले होते. हे गोचीड दिवसा भेगेत लपतात आणि रात्री रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडी कितीही उलटसुलट करून पाहिली तरी मोठे गोचीड सापडत नाहीत. त्यांच्या चाव्यातून एक जिवाणू रक्तात जातो. कोंबडीला ताप चढतो, ती पेंगते, सारखं पाणी पिते आणि हिरवं हगते. याला मात्र औषध आहे. डॉक्टरांनी पेनिसिलीनची इंजेक्शनं दिली आणि उरलेल्या कोंबड्या उठल्या. मानमोडी समजून हात टेकले असते तर त्याही गेल्या असत्या.

खुराडं दोन-चार महिने रिकामं ठेवून गोचीड मरत नाही, तो वर्षभरही उपाशी राहतो. भेगा शेणमातीनं लिंपा, वरून चुना मारा, दांड्या काढून उन्हात टाका. कपाशीवरचं उरलेलं कीटकनाशक कोंबडीच्या अंगावर शिंपडायचं नाही. हे लिहावं लागतं, कारण लोक शिंपडतात.

लस दिली होती, तरी मेल्या?

बहुतेक वेळा लस नावापुरतीच दिलेली असते. मे महिन्याच्या उन्हात बाटली खिशात टाकून तालुक्याहून गावात आणली, तर ती वाटेतच मेली. लसीला २ ते ८ अंश थंडावा लागतो, म्हणजे बर्फाचा थर्मास हवाच. पातळ केलेली लस तास-दोन तासांत संपवायची. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी टोचणं म्हणजे नुसतं पाणी टोचणं. शंभर डोसची बाटली आणि घरी कोंबड्या पंधरा, ही खरी अडचण आहे. त्यावर उपाय एकच, आळीतल्या पाच-सात घरांनी एकाच संध्याकाळी कोंबड्या डालीखाली झाकायच्या आणि एकाच बाटलीत काम उरकायचं.

पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटा या मानमोडीच्या लसीचा थेंब, चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा, आणि सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पंखाखाली आर-टू-बी या मानमोडीच्याच दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. इंजेक्शनच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या. पुढची लस कधी, ते दवाखान्यात विचारून भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. खुराड्यात रोग शिरल्यावर लस द्यायला धावू नका. आजारी कोंबडीला लस वाचवत नाही, आणि तीच सुई पुढच्या कोंबडीत रोग नेते.

पावसाळ्यातली पिल्लं

तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पंख सोडून एकमेकांना चिकटून बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर ती बहुतेक रक्ती हगवण असते. पुनर्वसू-पुष्यात खुराड्यात अंथरलेला तूस ओला झाला की हिचा जोर वाढतो. यावर अँप्रोलियम चांगलं चालतं. पण दुकानदार त्यासोबत 'ताकदीसाठी' बी-कॉम्प्लेक्सची बाटली देतो आणि आपण दोन्ही एकाच पाण्यात ओततो. अँप्रोलियम त्या जंतूला थायमिन, म्हणजे बी-१, मिळू न देऊन काम करतं. बाटलीतून बी-१ दिलं की औषध बोथट होतं. टॉनिक औषधाचा कोर्स संपल्यावर द्या. आणि दोन दिवसांत पिल्लू टुणटुणीत झालं म्हणून कोर्स अर्ध्यावर सोडू नका. ओला तूस मात्र त्याच दिवशी उचला, नाहीतर पिल्लं तेच पुन्हा टोचून खातात.

कोंबडीला देवीचा रोग झाला, तर तुऱ्या-तोंडावरच्या खपल्या नखानं काढू नका. विषाणू त्या खपलीतच असतो आणि वाळून कित्येक महिने टिकतो. डोळे झाकले गेलेली कोंबडी बऱ्याचदा देवीनं नाही, उपाशीपोटी मरते, म्हणून तिला हातानं भरवा.

मे महिन्यात चोच उघडून धापा टाकणारी प्रत्येक कोंबडी आजारी नसते. पारा ४५ च्या वर गेलेला असतो आणि तिला घाम येत नाही. नाक कोरडं असेल आणि पहाटे ती नीट श्वास घेत असेल, तर औषध नको. सावली, ओलं बारदान, गार पाणी आणि पहाटेचा दाणा एवढं पुरे.

पेरणीच्या दिवसांत सकाळी चांगल्या असलेल्या आठ-दहा कोंबड्या दुपारपर्यंत मेल्या आणि गळ्याखालची पिशवी दाण्यानं टम्म भरलेली असली, तर रोगाआधी अंगण शोधा. बियाण्याच्या पाकिटातली उरलेली रंगीत सरकी कुठं सांडली आहे का? अशी कोंबडी खायची नाही, कुत्र्यालाही घालायची नाही.

खाण्यावरून आठवलं. मरायला टेकलेली कोंबडी "वाया कशाले घालवता" म्हणून कापायची आणि आतडी-पिसं उकिरड्यावर टाकायची, ही आपली जुनी खोड. सकाळी बाकीच्या कोंबड्या तोच उकिरडा उकरतात. एका घरचा रोग गावभर कसा जातो, ते बघायला दुसरीकडे जायला नको. मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, नाल्यात फेकू नका. बाजारातून किंवा मंडईच्या जत्रेला आलेल्या पाहुण्याकडून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळ्या डालीत ठेवा, आणि तिचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करा.

निदान हवं असेल तर मेलेली कोंबडी पुरून नुसती हकीकत सांगायला दवाखान्यात जाऊ नका. ताजी मेलेली, दुहेरी पिशवीत, बाहेरून बर्फ लावून तीन-चार तासांत न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका. कोणती लस कधी दिली, कोणता दाणा चालू आहे, किती मेल्या, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.

एक अपवाद आहे. एकदम खूप कोंबड्या मेल्या, तुरे जांभळे पडले, डोकी सुजली, आसपास कावळेही मेलेले दिसले, तर हात लावू नका आणि कुठं नेऊही नका. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला होता. अशा वेळी खुराड्याकडे पोरं फिरकू देऊ नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या नंबरला फोन लावा, डॉक्टर तुमच्याकडे येतील.