हेड गॅस्केट सारखं का जातं? आधी जुनं गॅस्केट वाचा

आमच्या शेडमध्ये एका खिळ्याला तीन हेड गॅस्केटं टांगलेली आहेत. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक, ज्यात सिलिंडर असतात, आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्या मधे दाबून बसवलेली पातळ सील. तिन्ही एकाच गाडीची, १९९७ सालची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. पहिलं आंबा घाटात गेलं, साखरप्याकडून वर चढताना. दुसरं सात महिन्यांनी, पुण्याहून परत येताना. तिसरं तर चारच महिन्यांत, रंकाळ्याला चक्कर मारायला निघालो तेव्हा. दर वेळी मिस्त्री म्हणायचा, "तात्या, गाडी तापली असणार," आणि दर वेळी मी मान डोलवायचो. तीस वर्षं शिरोलीच्या एमआयडीसीत मशिनिंग केलं, मायक्रॉनवरनं पोरांशी भांडलो, आणि घरच्या इंजिनाला सरळपट्टी लावायची बुद्धी तिसऱ्या खेपेला सुचली.

ज्यांची गाडी दुसऱ्यांदा हेडला आलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिलीच वेळ असेल तर कारण बहुधा साधं निघतं. पंखा बंद पडलेला असतो, नाहीतर पाइप फुटून पाणी गेलेलं असतं.

पहिलं काम म्हणजे जुनं गॅस्केट भंगारात जाऊ देऊ नका. मिस्त्रीकडून मागून घ्या. त्यावर मार्करने वरची बाजू कुठली, पुढची बाजू कुठली, तारीख आणि किलोमीटर लिहा. दोन जमली की एकावर एक ठेवून उजेडाकडे धरा. माझ्या तिन्हींत दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधली पट्टी एक्झॉस्टच्या अंगाला काळी पडून तुटली होती, तिन्ही डाग एकमेकांवर बसत होते. आता सिलिंडरांच्या मधली पट्टी मुळातच अरुंद, ती आधी जाणार हे खरं. पण या तीन सिलिंडरच्या इंजिनात अशा पट्ट्या दोन आहेत. एक-दोनमधली धडधाकट, आणि तिन्ही वेळा गेली ती दोन-तीनमधलीच. नुसतं तापणं असं दर वेळी त्याच जागेवर राग काढत नाही. जागा बदलत असेल तर पाणी, पंखा, रेडिएटर, इग्निशन टायमिंग यांच्या मागे लागा. जागा तीच असेल तर हेड, ब्लॉक किंवा बोल्ट यांपैकी काहीतरी खोटं बोलतंय असं समजा.

पण त्याआधी गॅस्केटच गेलंय याची खात्री हवी. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी गार असताना रेडिएटरची टोपी काढा, पाणी काठोकाठ भरा आणि स्टार्टर मारा. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येतात, ते सोडा. दोन-तीन मिनिटांनंतरही एका तालात बुडबुडे येत राहिले, रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. टोपी लावून पाहायचं असेल तर वरचा होज पाइप हाताने दाबा. इंजिन अजून कोमटही नाही आणि पाइप दगडासारखा झाला, तर अर्थ तोच. गरम इंजिनाची टोपी मात्र उघडू नका. माझ्या डाव्या मनगटावर त्याची आठवण आहे.

तेलाच्या टोपीखाली पांढरी साय दिसली की लोक घाबरतात. कोल्हापूरच्या पावसात रोज दोन किलोमीटर बाजारापुरती फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या वाफेनेही धरते. डिपस्टिक बघा. त्यावरचं तेलही चहासारखं दुधाळ असेल तर तेल-पाणी एक झालंय, आणि मग गाडी पुढे चालवायची नाही, कारण ते तेल बेअरिंग खातं.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्लगच्या भोकाला गेज लावून, स्टार्टर मारत प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. सगळे प्लग काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, बॅटरी चांगली असू द्या. माझे आकडे आले १५०, ७० आणि ६५ पीएसआय. शेजारशेजारचे दोन एकदम पडलेले. मग चमचाभर तेल प्लगच्या भोकातून सोडून परत बघितलं. आकडा चढला असता तर पिस्टनच्या रिंगांवर संशय गेला असता, पण तो हलला नाही. तेव्हा गॅस्केटची दोन-तीनमधली पट्टीच फुटली होती. प्लग काढताना त्यांच्या तोंडाकडेही लक्ष द्या. पाणी पिणाऱ्या सिलिंडरचा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो.

हेड उतरवताना दोन गोष्टींना घाई नको. इंजिन पूर्ण गार हवं, आणि बोल्ट बाहेरच्या टोकापासून मधल्याकडे, पाव-पाव आटे करत सैल करायचे. गरम हेडचा एक कोपरा आधी मोकळा केला की ते तिथेच वाकतं. टायमिंग बेल्ट काढण्याआधी खुणा जुळवून फोटो काढून ठेवा. बोल्ट पुठ्ठ्यात भोकं पाडून ज्या त्या जागी खोचा.

साफ करताना ग्राइंडरला सॅंडिंग डिस्क लावून कुणी तुमच्या हेडवर फिरवायला लागला तर त्याचा हात धरा. दिसायला आरशासारखं चकचकीत होतं, पण ॲल्युमिनियम मऊ आहे, डिस्क जिथे रेंगाळते तिथे खळगा पडतो. पितळेची पट्टी किंवा प्लॅस्टिकचा स्क्रॅपर घ्या, थिनर लावा आणि वेळ द्या.

आता सरळपट्टी आणि फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पोलादी पानांचा जुडगा. पट्टी लांबीला दोन्ही कडांवर, मधोमध, दोन्ही कर्णांवर आणि आडवी सिलिंडरांच्या मधून, अशी सगळीकडे उभ्या धारेवर ठेवा आणि खालून ०.०५ मिलिमीटरचं पान सरकवून बघा. हे पान केसाहून बारीक असतं. ते कुठेही आत शिरलं तर मर्यादा ओलांडली. हे हेडवर सगळेच करतात. माझं हेड दुसऱ्या खेपेला उद्यमनगरात फेसिंग करून, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून, आणलेलं होतं, पान कुठेही शिरेना.

मग तीच पट्टी मी ब्लॉकवर ठेवली. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, जड, गाडीतच बसलेला. तो कशाला वाकतोय, म्हणून आधी दोन वेळा कुणी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. दोन-तीनच्या मधे, एक्झॉस्टच्या अंगाला पट्टी ठेवली आणि ती झुलली. एका टोकावर बोट दाबलं की दुसरं टोक उचलायचं. ०.०८ चं पान आरामात आत गेलं. म्हणजे खळगा नव्हता, टेंगूळ होतं. तिथल्या हेड बोल्टच्या भोकाचं तोंड वर उचललं गेलं होतं. सतत ओढून ओढून पहिला आटा पृष्ठभागाच्या वर आला होता, चहाच्या कपाच्या कडेसारखा. नखाने लागायचा, डोळ्यांना दिसायचा नाही. हेड त्या टेंगळावर टेकायचं आणि गॅस्केटची शेजारची पट्टी, जिथे सगळ्यात जास्त दाब हवा, ती सैल राहायची. नवं गॅस्केट घाला, दहा वेळा घाला, तिथूनच फुटणार.

शिवाय त्या भोकात तळाला गंज, जुनं कूलंट आणि तेल यांचा चिखल साचलेला. टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेलं बळ लागलं की आवाज देणारा पाना, टकदिशी वाजायचा, पण ते सगळं बळ गंजलेल्या आट्यांशी झगडण्यात जायचं, हेडला चिमटा बसतच नव्हता. तळ बंद असलेल्या भोकात पाणी किंवा तेल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर पाणी दाबलं जात नाही, ब्लॉकच चिरतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा लावून प्रत्येक भोक हवेने फुंकून कोरडं करा.

आटे साफ करायला नवा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, लावू नका, धारदार टॅप चांगलं लोखंडही कापतो आणि आटा ढिला होतो. त्याच मापाचा जुना हेड बोल्ट घ्या, हॅक्सॉ ब्लेडने त्याच्या आट्यांवर लांबीला तीन खाचा पाडा, कडा फाइल करा. हा बोल्ट तेल लावून हाताने आत-बाहेर फिरवला की खाचांत काळा चिखल भरून येतो. पुसायचा, परत घालायचा. माझ्या आठ भोकांना दीड तास लागला. शेवटी भोक परत फुंकून कोरडं केल्यावर बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत गेला पाहिजे.

टेंगूळ काढायला काउंटरसिंकचा बिट हाताने, हो, हातानेच, दोन-चार वेढे फिरवून भोकाच्या तोंडाला हलकी चांफर, म्हणजे तिरकी कड, दिली. मग सपाट ऑइल स्टोनने आजूबाजूला हळू घासलं, प्रत्येक दहा-बारा फेऱ्यांनी पट्टी लावून बघितलं. सिलिंडर आणि पाण्याच्या भोकांत चिंध्या कोंबायला विसरू नका, दगडाची भुकटी रिंगांत गेली तर इंजिन संपलं. टेंगूळ नसून खरंच खळगा असेल, किंवा पाण्याच्या भोकाभोवती गंजाने खाल्लेलं असेल, तर हा घरगुती इलाज नाही. ब्लॉक उतरवून मशीनवर घ्यावा लागतो.

हेड फेसिंगला देणार असाल तर आधी चिरेची तपासणी करून घ्या, विशेषतः दोन व्हॉल्व्हच्या मधे. फेसिंग झाल्यावर चीर सापडली तर मजुरी बुडाली. किती घेतलं तो आकडा लिहून मागा. जास्त घासलं की कॉम्प्रेशन चढतं, ठोका येतो, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी पेटून खटखट होते, आणि ठोका गॅस्केटला हातोड्यासारखा बसतो.

नवं गॅस्केट जुन्यावर ठेवून पाण्याची भोकं जुळवून बघा. कोरडंच बसवा. शेलॅक, एम-सील, कसलीच पेस्ट नाही. आवळताना मधून बाहेरच्या बाजूला, तीन-चार टप्प्यांत. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या, "आपल्या हाताचा अंदाज" या मापावर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्या हातावरसुद्धा. टॉर्क पाना नसेल तर भाड्याने मिळतो.

थंडाव्याचं थोडक्यात सांगतो, पण एक गोष्ट रेटून. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह. पहिल्या खेपेलाच मिस्त्रीने तो काढून टाकला होता, "आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय?" ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. तीस सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यावर ८० अंशांनी तापमान वाढलं तर दोघांत पाव मिलिमीटरहून जास्त फरक पडतो, आणि तो फरक बिचारं गॅस्केट मधे घासत सहन करतं. थर्मोस्टॅट नसला की इंजिन सपाटीवर गारठलेलं, घाटात एकदम तापलेलं, परत उतारावर गार. हे घासणं दिवसातून कितीदा होतं ते बघा. नवा आणा, आणि बसवण्याआधी पातेल्यात पाणी उकळत ठेवून दोऱ्याने लटकवा. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास तो उघडला पाहिजे. आमच्या स्वयंपाकघरातलं ते पातेलं आता शेडमध्येच असतं, घरात परत घेतलं नाही.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालणं बंद. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी हात जवळ नेऊन बघा. मधेच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्यात. पंखा आपोआप सुरू होतो का ते ट्रॅफिकमध्ये नव्हे, अंगणात उभं राहून तपासा. टोपीचं रबर चिरलं असेल तर टोपी बदला. तेल आणि पाणी एक झालं होतं म्हणून मी तेल दोनदा बदललं, एकदा लगेच आणि एकदा पन्नास किलोमीटरनंतर.

चौथं गॅस्केट गाडीत आहे. मे महिन्यात साखरप्याहून आंब्याला चौघांना घेऊन चढलो, काटा मधेच होता. कूलंटच्या बाटलीवर बायकोच्या नेलपॉलिशची लाल रेघ मारून ठेवलीय, दर रविवारी सकाळी गार इंजिनावर बघतो. खाचा पाडलेला बोल्ट मिस्त्री मागून घेऊन गेला, त्याच्याकडे एक ओम्नी तिसऱ्यांदा आलीय म्हणे.