कोलकात्याच्या डर्बीला सोलापूरहून निघण्यापूर्वी

मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन कट्टर प्रतिस्पर्धी फुटबॉल क्लबांचा चषक सामना, म्हणजेच डर्बी, मैदानात बसून पाहण्यासाठी सोलापूरहून निघणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी: ऑनलाइन बुकिंगची पावती म्हणजे तिकीट नव्हे. अशा मोठ्या सामन्यांना पैसे भरल्यावर मोबाइलवर जे येते ते पुष्कळदा नेमून दिलेल्या खिडकीवर दाखवावे लागते आणि त्याच्या बदल्यात कागदी तिकीट हातात पडते. त्या वेळी ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याचे मूळ ओळखपत्र मागितले जाते. मागच्या वेळी आमचे बुकिंग ज्याच्या नावावर होते तो मित्र ऐनवेळी घरीच राहिला. त्याच्या आधार कार्डाचा फोटो आम्ही खिडकीच्या जाळीला टेकवून धरला, पण आतल्या माणसाने नकारार्थी मान हलवली ती हलवलीच. तेव्हा बुकिंग नक्की येणाऱ्याच्याच नावावर करावे आणि त्याने मूळ ओळखपत्र स्वतःच्या खिशात ठेवावे, दुसऱ्याच्या बॅगेत नव्हे.

सामना कोणता पाहायचा हे त्यानंतर ठरवावे. ड्युरँड चषक 1888 पासूनचा, आशियातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा, आणि 2019 पासून तिचे मुख्य केंद्र कोलकाता आहे. दोन्ही संघ एकाच गटात असतील तर डर्बीची तारीख वेळापत्रकातच कळते आणि तयारीला उसंत मिळते. बाद फेरीत मात्र गाठ कोणाशी हे गट साखळी संपल्यावरच स्पष्ट होते. 2025 मध्ये 17 ऑगस्टची उपांत्यपूर्व लढत, जी ईस्ट बंगालने 2-1 अशी जिंकली, ती अशीच थोड्या दिवसांच्या सूचनेवर आली. रेल्वेचे आगाऊ आरक्षण 60 दिवस आधी उघडते, म्हणून बाद फेरीसाठी जाणाऱ्याला बहुतेक वेळा तत्काळवरच भिस्त ठेवावी लागते. आणि ऑनलाइन तत्काळसाठी रेल्वेचे खाते आधारशी जोडलेले असणे आता सक्तीचे आहे. ते काम आजच उरकावे, सकाळी दहाच्या ठोक्याला नव्हे. हुतात्मा एक्सप्रेसने पुणे गाठून संध्याकाळच्या आझाद हिंदने हावडा, हा मार्ग लांबचा असला तरी सरळ आहे.

हॉटेल मात्र रद्द करता येईल असेच घ्यावे, कारण सामना होईलच असे गृहीत धरता येत नाही. 18 ऑगस्ट 2024 ची ड्युरँड डर्बी आदल्या दिवशी रद्द झाली आणि दोन्ही संघांना एकेक गुण देण्यात आला. आर. जी. कर रुग्णालयात महिला डॉक्टरवर बलात्कार आणि तिची हत्या झाल्यानंतर शहर पेटलेले होते आणि पुरेसा पोलीस बंदोबस्त देणे शक्य नव्हते. सामना ठरलेल्या त्या दिवशी दोन्ही क्लबांचे समर्थक खांद्याला खांदा लावून न्यायाची मागणी करत रस्त्यावर उतरले. या वैराबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने हे माहीत करून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

वैर आहे हेही तितकेच खरे, आणि तिकीट निवडताना ते विसरू नये. दोन्ही समर्थकांच्या गॅलऱ्या आणि प्रवेशद्वारे वेगळी असतात. पाहुणा म्हणून आपण कोणाचेच नाही, कुठेही बसू, हा विचार सोडून द्यावा. हिरवा-मरून मोहन बागानचा, लाल-सोनेरी ईस्ट बंगालचा. ज्या गॅलरीचे तिकीट आहे तिथे समोरच्याचा रंग अंगावर नको, रुमालसुद्धा नको. गटात दोन्हीकडचे लोक असतील तर त्यांनी दोन ठिकाणी बसावे आणि सामना संपल्यावर भेटावे. ईस्ट बंगाल हा पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांचा क्लब आणि मोहन बागान मूळच्या पश्चिम बंगालींचा, एकाची खूण हिल्सा मासा तर दुसऱ्याची कोळंबी, ही चढाओढ तिथल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिची चेष्टा पाहुण्याने करू नये. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन 16 प्रेक्षक मरण पावले. खेळ पाहायला गेलेली ती घरची मुले होती. गॅलरीत कोणी चिथावले तर गप्प बसावे, आणि तिकीट जादा भावाने विकणाऱ्याकडून चुकीच्या गॅलरीचे तिकीट कधीही घेऊ नये, मग ते कितीही सहज मिळत असो.

पुन्हा तिकिटाकडे येतो, कारण गाडीत बसल्यावर सगळे निवांत होतात आणि इथेच घोटाळा होतो. बदलून घेण्याची खिडकी कोठे आहे, किती वाजेपर्यंत उघडी असते आणि सामन्याच्या दिवशी ती चालू राहणार आहे का, हे बुकिंगच्या संदेशात लिहिलेले असते. तो संदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. कोलकात्यात सामन्याच्या किमान आदल्या दिवशी पोहोचावे. हॉटेलात सामान टाकावे आणि आंघोळ, जेवण, व्हिक्टोरिया मेमोरियल यांच्या आधी खिडकी गाठावी. कागद हातात आल्यावर त्यावरील गॅलरी आणि प्रवेशद्वार तिथेच उभे राहून तपासावे, रांगेतून बाहेर पडल्यावर नव्हे.

प्रवासासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुरेशी आहे; दोन दिवस टिकते. ऑगस्टमध्ये पाऊस असतोच, तेव्हा रेनकोट घ्यावा. पिशवी, पाण्याची बाटली, पॉवर बँक हॉटेलवरच ठेवावी, गेटवर त्यावरून वाद घालू नये. हावड्याहून डर्बी जिथे होते त्या सॉल्ट लेक स्टेडियमपर्यंत आता थेट मेट्रो आहे, टॅक्सीची गरज नाही. दोन तास आधी पोहोचावे. परतीची शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते जातानाच विचारून ठेवावे, आणि परतीचे रेल्वे आरक्षण सामन्याच्या रात्रीचे न करता दुसऱ्या दिवसाचे करावे. आणि बुकिंग करणाऱ्याचे मूळ ओळखपत्र सोलापूर स्थानकाच्या फलाटावर एकदा बाहेर काढून सर्वांना दाखवावे.