जुनी ली-एन्फील्ड हाती आली तर आधी उजवी बाजू वाचा

बंदूक रिकामी आहे ना, हे आधी पाहा. मग बोल्टच्या दांड्याखाली, दस्ता लोखंडात बसतो तिथला लोखंडी पट्टा वाचा. ब्रिटिश एस.एम.एल.ई. (शॉर्ट मॅगझिन ली-एन्फील्ड) रायफलवर तिथे मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, साल आणि मॉडेल ठोकलेले असते. कारखाना म्हणजे एन्फील्ड, बी.एस.ए. (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स), ऑस्ट्रेलियातले लिथगो किंवा आपले बंगालमधले ईशापूर.

खरी गंमत इथेच आहे. व्हिक्टोरिया राणी 1901 मध्ये वारली. त्यामुळे ‘व्ही. आर.’ ही तिची आद्याक्षरे आणि खाली 1918 असे दिसले, तर ती खैबर खिंडीकडच्या गावठी कारागिरांची नक्कल समजा. उलटा ‘एन’ किंवा चुकलेले स्पेलिंगही तेच सांगते. अशा नकलेत गोळी घालून बघायचा मोह नको. त्यांच्या पोलादाचा भरवसा नसतो.

किमतीचा खेळ बराचसा क्रमांकांवर चालतो. मुख्य सांगाडा, बोल्ट आणि नळीच्या टोकाकडची टोपी यांवर एकच क्रमांक असेल तर भाव चढतो. लाकूड घासून पॉलिश मारले की खुणा जातात आणि भावही. आजोबांची वस्तू चकचकीत करायची हौस इथे महागात पडते! धूळ कोरड्या कपड्याने पुसा, लोखंडावर तेलाचा हलका हात फिरवा, बस्स.

भारतात .303, म्हणजे या रायफलीच्या मापाची बंदूक, सामान्य परवान्यावर ठेवता येत नाही. माळ्यावर सापडली तर गिऱ्हाईक शोधण्याआधी शस्त्र कायदा जाणणारा वकील गाठा.